पुण्यात घर घेताना: नव्या बांधकामावर आणि जुन्या फ्लॅटवर एकूण कर किती धरायचा?

धायरी_फाटा | ११ डिसेंबर २०२५

आम्ही दोघं नवरा-बायको मिळून घर घेतोय. धायरी भागात, पुणे महापालिकेच्या हद्दीत, दोन घरं पक्की केली आहेत.

अ) बांधकाम सुरू असलेला प्रकल्प, सातवा मजला. करारनाम्याची किंमत ६८,००,००० (पार्किंग धरून). त्याशिवाय दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स ७२,००० आणि लीगल चार्जेस २५,०००. रेडी रेकनरनं (सरकारच्या वार्षिक दरपत्रकानं) मूल्य ६१ लाखांच्या आसपास येतं, असं बिल्डरच्या ऑफिसात सांगितलं.

ब) बारा वर्षं जुना रीसेल फ्लॅट, किंमत ६२,००,०००. रेडी रेकनरनं ६६ लाख निघतात. वडिलांच्या पश्चात फ्लॅट भाऊ-बहिणीच्या नावावर निम्मा-निम्मा झालाय. बहीण पुण्यात आहे, भाऊ बरीच वर्षं दुबईत.

५० लाखांचं कर्ज काढणार आहोत. दोन्हीकडे सरकारजमा नक्की किती होईल आणि कुठला कर कुणी, कधी भरायचा हे समजून घ्यायचंय. बिल्डरच्या कोटेशनमध्ये ‘टॅक्सेस अ‍ॅज अ‍ॅप्लिकेबल’ एवढंच लिहिलंय. ब मध्ये एजंट म्हणतो की फक्त मुद्रांक आणि नोंदणी, बाकी काही नाही. हे बरोबर आहे का?

---

दस्त_नोंदणी | ११ डिसेंबर २०२५

एजंटचं म्हणणं अर्धवट आहे. ब मधली खरी गुंतागुंत टीडीएसची (विक्रेत्याला पैसे देतानाच कापायच्या कराची), आणि ती दुबईच्या भावामुळे आहे. त्यावर इथले करसल्लागार लिहितीलच. मी मुद्रांक आणि नोंदणीपुरतं लिहितो.

पुणे मनपा हद्दीत निवासी घराच्या खरेदीला ७ टक्के लागतात: मूळ मुद्रांक शुल्क ५, स्थानिक संस्थेचा अधिभार १ आणि १ एप्रिल २०२२ पासूनचा मेट्रोचा अधिभार १. खरेदीदार फक्त महिला असेल तर १ टक्का कमी, म्हणजे ६. जाहिरातीत ‘सिंहगड रोडजवळ’ लिहिलेलं असतं, पण जागा हद्दीबाहेर निघते आणि तिथला दर वेगळा असतो. म्हणून सर्व्हे नंबरावरून हद्द आधी बघा. तुमची दोन्ही घरं हद्दीत असतील तर ७ टक्केच धरा.

हे शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरचं मूल्य यांतल्या जास्त रकमेवर लागतं. म्हणून अ मध्ये ६८ लाखांवर ४,७६,००० आणि ब मध्ये ६२ नव्हे, ६६ लाखांवर ४,६२,०००. ब मध्ये किंमत सहा लाखांनी कमी असूनही मुद्रांकात फरक फक्त १४,००० पडतो, तो यामुळे. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,००० असल्यानं दोन्हीकडे ३०,०००. शिवाय दस्ताच्या पानांप्रमाणे हाताळणी शुल्क, ते किरकोळ असतं. जीएसटीच्या रकमेवर मुद्रांक लागत नाही. कुणी जीएसटी मिळवून मुद्रांक काढत असेल तर तिथेच थांबवा.

रेडी रेकनरचा आकडा ऐकीव ठेवू नका. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर वार्षिक दर विवरणपत्र आहे. तालुका हवेली, मग गाव, मग सर्व्हे नंबर टाकला की चौरस मीटरचा दर दिसतो. चूक होते ती पुढे. हा दर बांधीव क्षेत्राचा असतो आणि करारनाम्यात रेराचा (स्थावर संपदा कायद्याचा) कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं वापराचं क्षेत्र, असतो, म्हणून कार्पेट १.१ नं गुणावा लागतो. लिफ्ट असलेल्या इमारतीत पाचव्या ते दहाव्या मजल्याला दर ५ टक्क्यांनी वाढतो. तुमचा अ सातव्या मजल्यावर आहे, तेव्हा बिल्डरच्या ६१ लाखांत ही वाढ धरली आहे का ते विचारा. झाकलेल्या पार्किंगचंही वेगळं मूल्यांकन होतं. जुन्या इमारतीत उलट बांधकामाच्या भागाला वयाप्रमाणे घसारा मिळतो. बारा वर्षांच्या इमारतीला तो लावूनही ६६ लाख येतात की नुसत्या दरानं गुणून आलेत, हे आधी तपासा. कारण याच आकड्यावर मुद्रांक, टीडीएस आणि पुढचा प्राप्तिकर असे तिन्ही उभे आहेत. घसारा धरूनही मूल्य अवाजवी वाटलं तर सही करण्याआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे योग्य शुल्क ठरवून घेण्यासाठी, मसुदा देता येतो. वेळ जातो, पण रस्ता कायदेशीर आहे.

भरणा ‘ग्रास’ या राज्य सरकारच्या पोर्टलवर ई-चलनानं करा. भरणारा म्हणून खरेदीदाराचं नाव आणि पॅन अचूक टाका, मिळकतीचा पत्ता दस्तात आहे तसाच. मुद्रांक सहीच्या आधी, सहीच्या दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरलेला हवा. उशीर झाला तर कमी भरलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के दंड सुरू होतो. सहीनंतर नोंदणीला चार महिने मिळतात. त्यापुढे आणखी चार महिने मिळतात, पण नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत दंड पडू शकतो.

नवे दर १ एप्रिलला लागू होतात. तुमचा व्यवहार मार्चअखेर गेला तर मुद्रांक भरून ३१ मार्चपर्यंत सह्या करा. नोंदणी त्यानंतर चार महिन्यांच्या आत झाली तरी मूल्यांकन सहीच्या तारखेच्या दरानं होतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात हवेलीच्या कार्यालयांत मुंगी शिरायला जागा नसते, तेव्हा हे ठाऊक असलेलं बरं.

अ मध्ये आणखी एक. रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. म्हणजे ६,८०,००० च्या वर जायचं तर आधी करारनामा नोंदवायचा आणि मुद्रांकही त्याच वेळी पूर्ण भरायचा. ताब्याच्या वेळी वेगळं खरेदीखत झालं तर आधी भरलेलं शुल्क त्यात वळतं होतं, पुन्हा ७ टक्के भरावे लागत नाहीत.

---

जमाखर्च | ११ डिसेंबर २०२५

जीएसटीचं माझ्याकडून.

ब वर जीएसटी नाही. भोगवटा पत्र (इमारत वापरायला मनपानं दिलेली परवानगी) मिळालेल्या आणि राहत्या घराची विक्री जीएसटीच्या बाहेर आहे. एजंट नोंदणीकृत असेल तर त्याच्या दलालीवर तेवढा १८ टक्के लागेल.

अ वर ५ टक्के म्हणजे ३,४०,०००. १ एप्रिल २०१९ पासून निवासी घरांना दोनच दर आहेत: परवडणाऱ्या घराला १ टक्का, बाकीच्यांना ५. दोन्हींत बिल्डरला आधी भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. जमिनीच्या किमतीची एकतृतीयांश सूट या दरातच धरलेली आहे, ती पुन्हा मागता येत नाही.

‘परवडणारे’ची व्याख्या पुण्यात नीट बघण्यासारखी आहे. मुंबई महानगर प्रदेशासारख्या ठरावीक महानगरांत मर्यादा ६० चौरस मीटर कार्पेटची आहे. पुणे त्या महानगरांच्या यादीत नाही, म्हणून इथे ९० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ९६८ चौरस फूट चालतात. पण किमतीची अट दोन्हीकडे एकच: ४५ लाखांपर्यंत. तुमच्या ६८ लाखांना ती लागू नाही. हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो, ४५ लाखांत पार्किंग, पसंतीच्या मजल्याचे पैसे, विकास शुल्क, सामायिक सोयींचे पैसे असं सगळं धरतात. करारनामा ४४,९०,००० चा आणि पार्किंगचे २,००,००० वेगळ्या पावतीवर असतील तर एकूण ४६,९०,००० होतात आणि दर ५ टक्के, म्हणजे २,३४,५०० कर. ४५ लाखांवर तोच ४५,००० असता. दोन लाखांच्या पार्किंगपायी जवळपास एक लाख नव्वद हजार जास्तीचा कर पडतो.

मेंटेनन्स आणि लीगल चार्जेस घराच्या किमतीत येत नाहीत. त्यांवर बिल्डर १८ टक्के लावतात. तुमच्या ९७,००० वर १७,४६० होतील.

अ ची बेरीज: मुद्रांक ४,७६,०००, नोंदणी ३०,०००, जीएसटी ३,४०,००० आणि १७,४६०. एकूण ८,६३,४६०. ब ची ४,९२,०००. घरांच्या किमतीतला सहा लाखांचा फरक आहे, त्यात हे पावणेचार लाख मिळवून मग तुलना करा.

कोटेशनमधल्या ‘अ‍ॅज अ‍ॅप्लिकेबल’ऐवजी दर आणि रक्कम लिहून मागा. प्रत्येक हप्त्याच्या मागणीपत्रासोबत बिल्डरच्या जीएसटी क्रमांकासह कर बीजक हवं. नुसत्या पावतीवर जीएसटी देऊ नका.

---

वाकड_टू_बाणेर | १२ डिसेंबर २०२५

एक शंका याच धाग्यात विचारतो. दोघांच्या नावावर घर असेल तर प्रत्येकाचा हिस्सा ३४ लाख. ५० लाखांच्या खाली, म्हणून टीडीएस लागत नाही ना?

---

कलम_आणि_कर | १२ डिसेंबर २०२५

लागतो. हिस्से वेगळे मोजायचे की एकत्र यावर पूर्वी वाद होते. १ ऑक्टोबर २०२४ पासून कायद्यातच स्पष्ट केलंय की सगळ्या खरेदीदारांनी सगळ्या विक्रेत्यांना दिलेली एकूण रक्कम बघायची. ती, किंवा मुद्रांकासाठीचं मूल्य, ५० लाख किंवा जास्त असलं की कलम १९४-आयए प्रमाणे १ टक्का कापायचा. दोन्ही आकडे ५० लाखांखाली असले तरच सुटका.

आता मूळ प्रश्न. टीडीएस हा तुमचा जादा खर्च नाही, विक्रेत्याच्या पैशांतून तुम्ही कापून भरायचा कर आहे. पण कापायला विसरलात तर तो तुमच्या खिशातून जातो, वर व्याज आणि फी.

अ मध्ये बिल्डरला द्यायच्या प्रत्येक हप्त्यातून १ टक्का कापा, अगदी बुकिंगच्या रकमेपासून. मोबदल्यात क्लब, पार्किंग, वीज-पाण्याची जोडणी, मेंटेनन्स हे सगळं येतं, म्हणून तुमच्याकडे ६८,००,००० अधिक ७२,००० असे ६८,७२,००० धरा. टीडीएस ६८,७२०. जीएसटी वेगळा दाखवलेला असेल तर त्यावर टीडीएस नाही. अडचण होते ती बँकेच्या हप्त्यात. बँक बिल्डरला पूर्ण रक्कम पाठवून मोकळी होते आणि १ टक्का कुणीच कापलेला नसतो. बँकेला लेखी कळवा की मागणीपत्राच्या ९९ टक्केच सोडा. उरलेला १ टक्का तुम्ही सरकारला भरता, त्याचं चलन बँक तुमच्या स्वतःच्या हिश्श्याचा पुरावा म्हणून धरते.

भरणा प्राप्तिकराच्या पोर्टलवर ‘ई-पे टॅक्स’मधून फॉर्म २६क्यूबीनं होतो. त्याला टॅन (कर कापणाऱ्याचा वेगळा क्रमांक) लागत नाही, पॅन पुरतो. मुदत: ज्या महिन्यात कापला तो महिना संपल्यापासून ३० दिवस. जानेवारी २०२६ मध्ये दिलेल्या हप्त्याची शेवटची तारीख २ मार्च २०२६. तुम्ही दोघं खरेदीदार आहात, म्हणून प्रत्येक हप्त्याला दोन फॉर्म, प्रत्येकाच्या पॅनवर त्याच्या हिश्श्याचा. फॉर्ममध्ये ‘एकापेक्षा जास्त खरेदीदार’ला होय करा, एकूण किंमत आणि मुद्रांक मूल्य पूर्ण लिहा, आणि फक्त दिलेली रक्कम आपल्या हिश्श्याची टाका. सगळा कर एकाच्या पॅनवर भरला की दुसऱ्याला नोटीस येते. काही दिवसांनी ट्रेसेस या टीडीएसच्या पोर्टलवर फॉर्म १६बी (कर कापून भरल्याचं प्रमाणपत्र) तयार होतो, तो उतरवून बिल्डरला द्या. बिल्डर शेवटी ताबा देताना हेच १६बी मागतो.

उशिराची किंमत: कापलाच नाही तर दरमहा १ टक्का व्याज, कापून भरला नाही तर दरमहा दीड. फॉर्मला उशीर झाला तर दररोज २०० रुपये फी, कर जेवढा तेवढी कमाल. प्रत्येक फॉर्मला वेगळी. दोन महिने उशीर म्हणजे एका फॉर्मला बारा हजारांच्या आसपास, जर करच तितका असेल तर. विक्रेत्याचा पॅन आधारशी जोडलेला नसेल तर दर १ वरून थेट २० टक्क्यांवर जातो. म्हणून रीसेलमध्ये टोकन देण्याआधी पॅन-आधार जोडणीची स्थिती पोर्टलवर बघा.

आता ब. इथे बहीण आणि भाऊ यांचे नियम वेगळे.

बहीण निवासी आहे. एकूण रक्कम ५० लाखांच्या वर असल्यानं तिच्या हिश्श्यावर १ टक्का, आणि तोही मोबदला की मुद्रांक मूल्य यातल्या जास्त आकड्यावर. तिचा निम्मा हिस्सा ६६ लाखांतून ३३ लाख, कर ३३,०००. तुम्ही दोघं, म्हणून १६,५०० चे दोन २६क्यूबी.

भाऊ अनिवासी असेल तर त्याला १९४-आयए लागूच होत नाही. कलम १९५ लागतं आणि तिथे ५० लाखांची मर्यादा नाही. पहिल्या रुपयापासून कापायचा. वारसानं आलेल्या मिळकतीत वडिलांचा धारणकाळ मोजला जातो, म्हणून हा दीर्घ मुदतीचा नफा आहे. दर १२.५ टक्के, त्यावर ४ टक्के उपकर, एकूण १३ टक्के. ३१ लाखांवर ४,०३,०००. कायद्यानं कर नफ्यावर असतो, पण नफा किती हे खरेदीदारानं आपल्या मनानं ठरवणं धोक्याचं. भावानं प्राप्तिकर खात्याकडून कमी दराचं प्रमाणपत्र आणलं, तरच त्यात लिहिलेल्या दरानं कापा. त्यासाठी तो ट्रेसेसवर फॉर्म १३ भरतो, वडिलांचं मूळ खरेदीखत, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा) आणि तुमच्यासोबतचा मसुदा जोडतो. मंजुरीला काही आठवडे जातात, म्हणून साठेखतात (खरेदीखताआधीच्या विक्रीच्या करारात) ‘प्रमाणपत्र आल्यानंतर अंतिम रक्कम’ असं कलम घाला. ते आल्यावर त्यावर तुमची नावं आणि तुमचे टॅन आहेत का बघा. त्यातला दर प्रमाणपत्राच्या तारखेपासून पुढच्या रकमेलाच लागतो. आधी दिलेल्या टोकनवर १३ टक्के कापायलाच हवेत.

१९५ साठी २६क्यूबी चालत नाही. तुम्हा दोघांना प्रत्येकी टॅन घ्यावा लागेल. फॉर्म ४९बी ऑनलाइन भरता येतो, शुल्क नाममात्र आहे. प्रत्येकाचा भाग १५,५०,०००, कर २,०१,५००. जानेवारीत पैसे दिले तर ७ फेब्रुवारीपर्यंत भरणा, मग जानेवारी-मार्च तिमाहीचं २७क्यू विवरणपत्र ३१ मेपर्यंत आणि त्यानंतर भावाला फॉर्म १६ए. सगळ्यात जास्त चूक इथेच होते: दोघा विक्रेत्यांना मिळून १ टक्क्याचा २६क्यूबी भरला जातो आणि वर्षा-दोन वर्षांनी खरेदीदाराला १३ टक्क्यांतली तूट व्याजासकट भरण्याची नोटीस येते. तोवर विक्रेत्याचे पैसे देशाबाहेर गेलेले असतात.

भाऊ ‘मी अनिवासी नाही’ म्हणाला तर त्या आर्थिक वर्षात भारतात किती दिवस होता ते पासपोर्टवरून तपासा आणि लेखी घोषणापत्र घ्या. भारतीय पासपोर्ट आणि पॅन असणं म्हणजे निवासी असणं नव्हे.

हे सगळं प्राप्तिकर कायदा १९६१ प्रमाणे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू होतोय, तिथे कलमांचे आकडे बदलतील. तुमचे हप्ते एप्रिलपलीकडे जाणार असतील तर तेव्हाच्या फॉर्मची नावं पोर्टलवर बघूनच भरा.

---

धायरी_फाटा | १२ डिसेंबर २०२५

मनापासून आभार. इतकं कुणीच समजावलं नव्हतं. आणखी तीन गोष्टी विचारतो.

१. फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर ६८,००० वाचतात. घ्यावं का?
२. अ प्रकल्पाला भोगवटा पत्र आठ-नऊ महिन्यांत येईल म्हणतात. आता थोडे पैसे देऊन बाकी भोगवटा पत्रानंतर दिले तर तेवढ्यावरचा जीएसटी वाचेल का?
३. ब चे विक्रेते ५८ लाखांचा दस्त करू, उरलेले चार लाख रोख द्या म्हणतायत. मुद्रांक तर ६६ वरच जाणार आहे, मग यात अडचण काय?

---

जमाखर्च | १२ डिसेंबर २०२५

दुसऱ्याचं उत्तर आधी: नाही. बांधकाम विक्रीवर जीएसटी नसण्याची अट अशी की संपूर्ण मोबदला पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर किंवा इमारतीत पहिला ताबा झाल्यानंतर, यात जे आधी घडेल त्यानंतर, दिलेला हवा. त्याआधी बुकिंगचे एक लाख जरी गेले तरी व्यवहार बांधकाम सेवेचा होतो आणि भोगवटा पत्रानंतरच्या हप्त्यांवरही ५ टक्के लागतात. जीएसटी टाळायचा तर एक रुपयाही न देता थांबायचं, आणि तोवर तो फ्लॅट राहील याची किंवा किंमत वाढणार नाही याची हमी नाही. तयार फ्लॅटला बिल्डर किंमत चढवून सांगतात, ती ३,४०,००० पेक्षा जास्त चढली तर थांबून काहीच मिळालं नाही. भोगवटा पत्र कधीकधी विंगनुसार अंशतः मिळतं. तुमच्या विंगचं आहे का ते महारेराच्या पानावर किंवा मनपाच्या बांधकाम विभागात बघा.

बुकिंग रद्द झालं तर जीएसटी बिल्डरनं क्रेडिट नोट (आधीचं बीजक कमी करणारा कागद) काढून परत करायचा असतो. ती नोट काढायची मुदत उलटून गेली असेल तर नोंदणी नसलेला खरेदीदार स्वतः जीएसटी पोर्टलवर तात्पुरत्या नोंदणीनं परताव्याचा अर्ज करू शकतो. डिसेंबर २०२२ च्या परिपत्रकानं ही सोय केली. बिल्डर ‘सरकारकडे गेले, आता मिळणार नाहीत’ म्हणाला तर हे दाखवा.

---

दस्त_नोंदणी | १३ डिसेंबर २०२५

रद्द करण्यावरून मुद्रांकाचंही सांगतो, कारण लोक ते पैसे बुडाले असं समजून सोडून देतात. नोंदणीकृत करारनामा ताबा घेण्याआधी, सहीपासून पाच वर्षांच्या आत, नोंदणीकृत रद्दलेखानं रद्द केला तर रद्दलेखाच्या नोंदणीपासून सहा महिन्यांत मुद्रांक परताव्याचा अर्ज करता येतो. नोंदणी फी परत मिळत नाही. साध्या स्टँप पेपरवर रद्द केलेला करार इथे चालत नाही.

महिला सवलतीबद्दल: एकही पुरुष सहखरेदीदार नको. बायको आणि आई चालतील, बायको आणि तुम्ही नाही. ती फक्त निवासी घराला आहे. पूर्वी पंधरा वर्षं पुरुषाला विकता येणार नाही अशी अट होती, ती २०२३ मध्ये काढली. दस्तात सवलत घेत असल्याचा उल्लेख मसुद्यातच घालून घ्या.

---

कलम_आणि_कर | १३ डिसेंबर २०२५

बायकोच्या एकटीच्या नावावर घेण्याची दुसरी बाजू. तुम्ही मालक नसाल तर कर्जाचे हप्ते तुम्ही भरले तरी जुन्या करपद्धतीतली व्याजाची २ लाखांपर्यंतची आणि कर्जाच्या मुद्दलावरची ८०सी ची वजावट तुम्हाला मिळत नाही. मुद्रांक आणि नोंदणी फीही ८०सी च्या दीड लाखांत बसते, तीही मालकालाच. तुम्ही नव्या पद्धतीत असाल तर स्वतः राहायच्या घराला व्याजाची वजावट तशीही नाही, म्हणून तोटा नाही. घर पुढे भाड्यानं दिलं आणि पैसे तुमचे असतील, तर भाड्याचं उत्पन्न तुमच्याच नावे मोजलं जातं. बँक तुम्हाला मालक नसताना सहकर्जदार करून घेते का, हे आधी विचारा. बायको स्वतः कमावती असेल आणि दोघंही नव्या पद्धतीत असाल, तर माझ्या मते ही सवलत घ्यावी. टीडीएसचे फॉर्म निम्मे होतात आणि ब घेतलात तर टॅनही एकच लागतो.

तिसऱ्या प्रश्नातली रोखीची मागणी मात्र सरळ नाकारा, आणि कारण फक्त नैतिक नाही. मुद्रांक मूल्य आणि करारातली किंमत यांतला फरक ५०,००० पेक्षा जास्त आणि किमतीच्या १० टक्क्यांपेक्षाही जास्त झाला, की पूर्ण फरक कलम ५६(२)(एक्स) प्रमाणे खरेदीदाराचं उत्पन्न धरला जातो. ६२ लाखांच्या दस्तात फरक ४ लाख, १० टक्के म्हणजे ६.२ लाख. सुरक्षित. ५८ लाखांच्या दस्तात फरक ८ लाख, मर्यादा ५.८ लाख. म्हणजे सगळे ८ लाख तुम्हा दोघांच्या उत्पन्नात निम्मे-निम्मे मिळवले जातील. तीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर कर उपकरासह अडीच लाखांच्या आसपास. ६६ लाख मूल्याला ६० लाख ही शेवटची पायरी आहे, तिच्या खाली दस्त उतरवू नका. घसारा धरून मूल्य कमी निघालं तर ही पायरीही खाली येईल.

रोखीचं तर आणखी वाईट. मिळकतीच्या व्यवहारात २०,००० किंवा जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड आहे. आणि तुम्ही दिलेले चार लाख पुढे घर विकताना तुमच्या खरेदी किमतीत धरले जाणार नाहीत, त्यावर तुम्हीच भांडवली नफ्याचा कर भराल. बहीण-भावांना हेच समजावून सांगा, बहुतेक जण आकडे बघितल्यावर ऐकतात.

---

पेठेतला_सोसायटी_सेक्रेटरी | १४ डिसेंबर २०२५

राहिलेलं थोडं.

कर्ज घेतलं की गहाणाचा मुद्रांक वेगळा. हक्काचे मूळ कागद बँकेकडे ठेवण्यावर कर्जाच्या ०.३ टक्के, ५० लाखांवर १५,०००, आणि नोटीस फाइल करण्याचा किरकोळ खर्च. ती नोटीस ३० दिवसांत फाइल करायची असते. बँक करून देते, पण झाली का ते तुम्ही विचारा. दोन्ही घरांना हे सारखंच.

ब मध्ये सोसायटी ‘ट्रान्सफर’च्या नावाखाली जे मागेल ते कर नव्हे. मनपा हद्दीत हस्तांतर अधिमूल्याची कमाल २५,००० आहे. त्यावर ‘विकास निधी’ म्हणून लाख-दोन लाख मागितले तर उपनिबंधक सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार होऊ शकते. अधिमूल्य कुणी भरायचं हे साठेखतात लिहा.

मिळकतकराची थकबाकी मिळकतीच्या मागे चालत येते, आधीच्या मालकाच्या नाही. मनपाच्या संकेतस्थळावर मिळकत क्रमांक टाकून थकबाकी बघा आणि शून्य बाकीचं पत्र दस्ताला जोडा. ब मध्ये सध्या भाडेकरू असेल तर स्वतः राहणाऱ्यांची ४० टक्के सवलत त्या घराला लागत नसणार. तुम्ही राहायला गेल्यावर पीटी-३ अर्ज सोसायटीच्या पत्रासह विभागीय कार्यालयात द्या. आपोआप काही होत नाही, नाव बदललं म्हणून सवलत लागली असं समजून लोक वर्षभर पूर्ण कर भरत राहतात.

दुबईचा भाऊ सहीला येणार नसेल तर त्याचं कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून आणावं लागतं. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथे मुद्रांकित व्हायला हवं. पाकिटावरची पोचल्याची तारीख जपून ठेवा, मुद्रांक कार्यालयात ती विचारतात.